रॉटरडॅमला अडकलेली आंबापोळी

नेदरलँड्सहून परत आल्यापासून भेटेल तो मला फुलांच्या बागांबद्दल विचारतो. फुलं वसंतात येतात, मी ऑक्टोबरात गेले होते. पवनचक्की एक पाहिली, तीही गोदामाच्या खिडकीतून, लांबून, पावसात. पाच दिवसांत मी जे नीट, सगळ्या बाजूंनी पाहिलं तो तिकडचा व्हॅट. त्याचे फोटो काढता येत नाहीत आणि त्याबद्दल कुणी लिहीतही नाही. म्हणून मी लिहिते. आपल्या किनाऱ्यावरच्या आणखी कुणा बाईला तिकडे नेऊन काही विकायचं मनात असेल, तर तिने आधी हे वाचावं आणि मग तिकीट काढावं.

आमचा गट देवगडपासून सात किलोमीटरवरच्या गावात आहे. अठरा बायका. मेमध्ये आंबापोळी घालतो, आमसुलं सुकवतो आणि वर्षभर विकतो. मी आधी पतपेढीत नोकरीला होते, त्यामुळे पत्रव्यवहार आणि कागद माझ्या गळ्यात. पॅकिंग सुलभावयनीच्या हातात. ती माझी शेजारीण, वयाने दहा वर्षांनी मोठी, गावात लहानथोर सगळे तिला वयनीच म्हणतात. रॉटरडॅमला खाद्यपदार्थांचा मेळा भरतो, तिथे लहान उत्पादकांना टेबल मिळतं. एका सरकारी योजनेतून टेबलाचं भाडं आणि दोघींची तिकिटं मिळाली. मालवणी मसाला नेता आला नाही, कारण मिरचीच्या पुडीला तिकडे तपासण्यांचं वेगळंच प्रकरण आहे. म्हणून आंबापोळी आणि आमसुलं, दहा खोकी, प्रत्येकात शंभर पाकिटं. विमानाने माल पुढे पाठवला.

व्हॅटचं काय, हे मी निघण्याआधी मुंबईच्या एका सल्लागाराला विचारलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, तिकडे लहान धंद्याला व्हॅट नाही. ठरावीक विक्रीपर्यंत सूट असते. तुम्ही बिलकुल टेन्शन घेऊ नका." टेन्शन घेऊ नका म्हणणाऱ्या माणसाला फी द्यायची नसते, हे मला एवढ्या वयात कळायला हवं होतं.

बुधवार

प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. वाटेत तळेऱ्याला चहा घेतला तो शेवटचा चहा, एवढं पुरे. त्यानंतर पाच दिवस कपात गरम पाणी आणि बाजूला दोरीला बांधलेली पुडी.

हॉटेलात पोचून चपला काढतो तोच फोन वाजला. आमचा माल सोडवणाऱ्या तिकडच्या एजंटाचा.

"माल आला आहे. तुमचा व्हॅट नंबर पाठवा, म्हणजे पुढचं करता येईल."

"नंबर नाही. आम्हाला सूट आहे," मी म्हटलं.

तो थोडा वेळ गप्प राहिला. तिकडची माणसं अडचणीचं बोलण्याआधी गप्प राहतात, हे पुढच्या चार दिवसांत माझ्या चांगलं ओळखीचं झालं. मग त्याने मला कर खात्याचा फोन नंबर दिला.

खात्यातली बाई अतिशय गोड. ती म्हणाली, सूट आहे, अगदी बरोबर, पण ती ज्यांचं धंद्याचं ठिकाण इथे आहे त्यांना. तुमच्यासारखं बाहेरच्या खंडातून येऊन इथे विकायचं असेल तर पहिल्या पाकिटापासून नोंदणी. मर्यादा वगैरे काही नाही.

"ठीक आहे, करते नोंदणी. आज होईल?"

पुन्हा तो गप्पपणा. "काही आठवडे लागतात. नंबर पत्राने येतो."

"पत्र कुठे येतं?"

"तुमच्या धंद्याच्या पत्त्यावर."

म्हणजे देवगडला. मी वयनीला सांगितलं. ती बिछान्यावर पाय पसरून बसली होती.

"मगे येयत देवगडाक," ती म्हणाली. "पोस्टमन बापू आपलो. पयलो मासे घेता, मगे पत्रां वाटता. दिवाळीपर्यंत गावतला."

मला हसू आलं नाही. सोमवारी परतीचं विमान होतं. तोपर्यंत माल सुटला नाही तर दोनच वाटा, असं एजंटाने सांगितलं होतं: आमच्या खर्चाने परत पाठवायचा, किंवा आमच्या खर्चाने नष्ट करायचा. अठरा बायकांनी मे महिन्याच्या उन्हात ताटं फिरवून केलेली आंबापोळी रॉटरडॅमच्या भट्टीत जाणार, आणि भट्टीचं बिल आम्हीच भरणार.

खरं तर मला आधीच संशय यायला हवा होता. तीन वर्षांपूर्वी पणजीच्या प्रदर्शनात टेबल लावलं तेव्हा काय झालं होतं? तारकर्लीला किनाऱ्यावर टेबल मांडायला काही लागत नाही, पण गोवा म्हणजे दुसरं राज्य. तीन दिवसांच्या विक्रीसाठी तिथली तात्पुरती जीएसटी नोंदणी करावी लागली, आणि अंदाजाने कर आधी भरावा लागला. सीमेवरचं बांदा ओलांडलं की आपण परके होतो, मग समुद्र ओलांडल्यावर काय होणार? ही साधी गोष्ट मला विमानात बसण्याआधी सुचली नाही. सल्लागाराला तर फी घेऊनही सुचली नाही.

गुरुवार

हॉटेलात सकाळी पाव होता आणि त्यावर घालायला लोणी आणि चॉकलेटचे बारीक दाणे. आजूबाजूला सूटबूटातली मोठी माणसं गंभीर तोंडाने पावावर चॉकलेट भुरभुरत होती.

"वाढदिवस कोणाचो गो?" वयनीने विचारलं.

"कुणाचा नाही. रोजचंच खाणं आहे त्यांचं."

"म्हणानच हेंका हिशोब सुचता. पोटात काय नाय, मगे डोक्यात नियम."

मेळ्याचा हॉल आपल्या देवगडच्या बंदराएवढा. टेबल छान होतं, पांढरी चादर, मागे आमच्या गटाचं नाव लिहिलेला फलक, आणि टेबलावर काहीच नाही. हातातल्या पिशवीत चवीसाठी दोन किलो आंबापोळी होती, तिचे तुकडे करून ताटलीत मांडले. आयोजकांकडची एक मुलगी येऊन सांगून गेली की चव देऊ शकता, व्हॅट नंबर मिळेपर्यंत विकू मात्र नका. तीही गोड बोलली. त्या देशात मला एकही माणूस उद्धट भेटला नाही आणि त्यामुळे भांडायची सोयच राहिली नाही. आपल्याकडे तहसीलदार कचेरीत कारकून खेकसला की आपणही खेकसतो आणि त्या आवाजात कधीकधी काम होऊन जातं. तिकडे सगळे मान डोलावतात, 'तुमची अडचण समजते' म्हणतात आणि नियम जागचा हलत नाही.

लोक तुकडा खात, डोळे मोठे करत आणि पाकीट मागत. मी नाही म्हणत होते. दिवसभर हेच केलं. धंदा करायला सात हजार किलोमीटर जाऊन गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं.

दुपारी एक सावळा, गोल चेहऱ्याचा माणूस टेबलापाशी थांबला. साठीचा असेल. तुकडा तोंडात टाकून त्याने वयनीकडे पाहिलं आणि म्हणाला, "भौजी, ई आम के है?"

वयनीने माझ्याकडे पाहिलं. "ह्यो खंयचो?"

त्याचं नाव रामदीन. त्याचे पणजोबा बिहारकडून ऊस तोडायला सुरिनामला गेलेले, बाप सुरिनामहून हॉलंडला आलेला. स्वतः भारतात एकदाच गेला होता, तेही दिल्लीला, आणि तिथे त्याचं पोट बिघडलं. रॉटरडॅममध्ये त्याची किराणा मालाची तीन दुकानं आहेत. त्याची भाषा वयनीला येत नव्हती आणि वयनीची त्याला, तरी दोघांनी अर्धा तास गप्पा मारल्या. त्याला आमसूल काय ते कळत नव्हतं. वयनीने एक त्याच्या हातावर ठेवलं आणि गालात धरून ठेवायला सांगितलं. त्याचं तोंड आंबट झालं आणि मग हळूहळू हसू आलं. कार्ड देऊन तो गेला.

संध्याकाळी बाहेर गाडीवर कच्चा मासा मिळत होता. शेपटी धरून वर उचलायचा, कांद्यात बुडवायचा आणि तोंडात सोडायचा. आमच्या दोघींच्या घरांत होड्या आहेत, माशाला आम्ही नाही म्हणत नाही. वयनीने चावून पाहिलं.

"वायट नाय," ती म्हणाली. "ताजो आसा. पण अर्ध्यावर उठून गेल्यासारखो वाटता. वायच तिरफळां, वायच कोकम घातला असता तर पुरो झालो असतो."

शुक्रवार

एजंटाने सुचवलं होतं की बाहेरच्या देशातल्या धंद्याने इथला एखादा कर प्रतिनिधी नेमावा, म्हणजे तुमच्या वतीने तो कर भरतो. त्यानेच एक नाव दिलं. मारायके नावाची बाई, साठीची, सव्वासहा फूट उंच. आम्ही तिच्या ऑफिसच्या दारात उभ्या असताना ती स्वतः सायकलवरून पावसात निथळत आली. आत गेल्यावर कॉफी दिली आणि बिस्किटांचा डबा पुढे केला. आम्ही एकेक घेतलं. डब्याचं झाकण लगेच लागलं आणि डबा कपाटात गेला.

वयनी झाकणाकडे बघत राहिली. "संपलीत की काय गो?" तिने मला विचारलं.

"त्यांच्याकडे एकच देतात."

"बरां झाला तिका नेमला नाय आपल्या गावच्या वाढपात."

मारायकेचं बोलणं तिच्या डब्यासारखंच, मोजून. ती पंधरा मिनिटांच्या हिशोबाने पैसे लावते, त्यामुळे हवापाण्याच्या गोष्टी नाहीत. तिने सांगितलं की प्रतिनिधी होता येईल, पण मग तुमच्या करासाठी सरकार मला धरणार. म्हणून बँकेची हमी हवी, करार हवा, तुमच्या गटाचे कागद भाषांतर करून हवेत. दोन आठवडे तरी धरा.

"आमचं विमान सोमवारी आहे," मी म्हटलं.

"मग तुम्ही इथे विकूच नका."

"मग आम्ही आलो कशाला?" माझा आवाज चढला. तिचा नाही चढला.

तिने कागद घेतला आणि एक चौकोन काढला. हे गोदाम. तुमचा माल यात आहे. गोदाम आमच्या देशात आहे, पण कस्टममधून सुटला नाही तोवर तुमचा माल आमच्या देशात आलेला नाही. त्या अवस्थेत तो इथल्या एखाद्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला विकून टाका. मग आयात त्याच्या नावावर होईल, जकात त्याची, व्हॅट त्याच्या पत्रकात. तुम्हाला नंबर लागणार नाही, प्रतिनिधी लागणार नाही, मीही लागणार नाही.

मी वयनीला समजावलं.

"म्हणजे माल हडे आसा आणि नायय आसा?"

"होय."

"आणि आमी?"

"आपण आहोत."

"नशीब," वयनी म्हणाली.

असा व्यापारी कुठून आणणार, या विचारात मी होते आणि वयनी पदराच्या टोकाला बांधलेलं कार्ड सोडत होती. रामदीनला मारायकेच्याच ऑफिसमधून फोन केला. तो तयार झाला. सगळा माल, एका दराने. मेळ्यात पाकिटागणिक जे मिळालं असतं त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. मी दहा मिनिटं घासाघीस केली, मारायके घड्याळाकडे बघत होती. शेवटी मुंबईच्या व्यापाऱ्यापेक्षा बरा दर मिळतो आहे एवढं पाहून मी होय म्हटलं. हजार पाकिटांचं बिल त्याच्या नावाने तिथेच केलं. कस्टमचं टेबल शनिवारी बारा वाजता बंद होतं आणि सोमवारीच उघडतं, म्हणून सकाळी दहाला गोदामात भेटायचं ठरलं.

मारायकेने आम्हाला दारापर्यंत सोडलं आणि म्हणाली, प्रश्न सुटल्यामुळे बिल अर्ध्या तासाचंच करते. ही बाई मला आवडली, हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

शनिवार

गोदाम विमानतळाजवळ. इथूनच ती पवनचक्की दिसली. कस्टमचा अधिकारी हेंक, तरुण, लालसर दाढी, हातात आमचे कागद. रामदीन व्हॅन घेऊन आला होता.

"एक अडचण आहे," हेंक म्हणाला. थांबला. "बिलात दोनशे किलो. विमान कंपनीच्या वजनात, खोक्यांचं वजन वजा करून, दोनशे आठ. आठ किलो कशाचे?"

दोनशे ग्रॅमचं पाकीट, हजार पाकिटं, दोनशे किलो. मी स्वतः लिहिलेलं. आठ किलो जास्त येणं शक्यच नव्हतं आणि मी ते ठामपणे सांगितलं. हेंकने मान डोलावली आणि पहिलं खोकं उघडायला लावलं. मोजलं. एकशे चार. दुसरं मोजलं. एकशे चार. तिसऱ्यापर्यंत मी वयनीकडे वळले होते.

"वयनी, ह्या खोक्यांत किती घातलीस?"

"शंभर."

"एकशे चार निघतायत."

"शंभर आणि वरचे चार," ती म्हणाली. मी एवढं साधं कसं विचारते, असा तिचा चेहरा.

आपल्याकडे आंबा शेकड्याने द्यायचा तर शंभर मोजून झाल्यावर वर चार घालतात. एखादा डागी निघाला तर घेणाऱ्याचं नुकसान नको, आणि शिवाय हात आखडता नको. आमच्या गावात तरी पिढ्यान्‌पिढ्या हेच. आंबापोळी डागी निघत नाही, पाकीटबंद असते. पण वयनीचा हात शंभरावर थांबायला शिकलेला नाही, आणि पॅकिंगच्या वेळी मी तिथे नव्हते. आपल्याकडून माल जाताना कुणी उघडून पाहिलं नाही.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगूचां काय? तू काय नवी इलंस गावात?"

मी हेंकला समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं. भेटवस्तू आहेत का? नाही. नमुने आहेत का? नाही. चुकून भरले का? मी होय म्हणणार होते, तेवढ्यात वयनीने मान हलवली. त्या प्रश्नाला लागणारं इंग्रजी तिला बरोबर कळलं.

"चुकान कित्याक? मोजून घातलंय."

मग हेंक म्हणाला, "मी तुमच्या गावी येऊन शंभर घेतले, तर मला एकशे चार मिळतील?"

"होय," मी म्हटलं.

"नेहमी?"

"नेहमी."

"मग तुम्ही एकशे चार विकता."

त्याने पुढचं सांगितलं. न दाखवलेल्या मालाला किंमत लावावी लागते, फुकट दिला तरी. एक तर नवं बिल करा, हजार चाळीस पाकिटांचं, किंवा वरची चाळीस नष्ट करण्यासाठी सोडून द्या आणि त्याचा वेगळा फॉर्म भरा. रामदीन म्हणाला, त्याला काही हरकत नाही, एकूण रक्कम तीच ठेवा आणि आकडा वाढवा. सव्वाअकरा वाजले होते.

मला सोपं वाटलं. वयनीला नाही.

"म्हणजे एका पाकिटाचो भाव उतरलो," ती म्हणाली.

"किती उतरला तो! नखाएवढा."

"उतरलो तो उतरलो. शंभराचो भाव शंभराचो. वरच्या चारांक भाव नाय. भाव लायलो तर वर घातला काय?"

"वयनी, तो टेबल बंद करून घरी जाईल. मग सगळ्याच पाकिटांचा भाव शून्य. जाळतील ती. घरी सोळा जणींना काय सांगणार आहेस?"

"मगे ती चाळीस जाळूंदे."

"आंबापोळी जाळायची? कुणी केलेली? तुझ्या सुनेने उन्हात उभं राहून केलेली जाळायची?"

हेंक आणि रामदीन आमच्याकडे बघत होते. त्यांना शब्द कळत नव्हते, बाकी सगळं कळत असावं. मी टेबलावर लॅपटॉप उघडला. रागात आकडे दोनदा चुकले.

"मी शंभर मोजतंय," वयनी हळू आवाजात म्हणाली, "मगे थांबतंय. घेणाऱ्याचां नाव घेतंय, आणि चार घालतंय. तो सौदो न्हय. तो सौदो झाल्यावरचो. ह्यां सांग तेका."

"ह्या खेपेला नाव कुणाचं घेतलंस? गिऱ्हाईक कोण ते तर आपल्याला माहीत नव्हतं."

"नाव म्हायत नव्हतां म्हणान म्हटलंय, जो कोण खायत तेचां बरां होवंदे."

हे मी हेंकला भाषांतर करून सांगितलं नाही. पावणेबारा वाजले होते. हजार चाळीस लिहिलं, छापून घेतलं, सही केली. हेंकने शिक्का मारला. त्याने राहिलेली खोकीही मोजली, एकही चुकलं नव्हतं, आणि शेवटचं बंद करताना तो वयनीकडे बघून म्हणाला, "फार अचूक काम आहे." तेही मी भाषांतर केलं नाही, कारण ती मग आणखी चिडली असती. बारा वाजून सहा मिनिटांनी रामदीनची व्हॅन भरून निघाली. पैसे त्याने त्याच दुपारी पाठवले, हे सांगायला हवं.

रविवार

मेळ्याचा शेवटचा दिवस. माल सुटला होता, पण आता तो आमचा नव्हता. रिकाम्या टेबलामागे उभं राहून मी येणाऱ्याजाणाऱ्याला रामदीनच्या दुकानांचे पत्ते लिहून देत होते. वयनी खुर्चीत बसून होती. माझ्याशी कामापुरतं बोलत होती. सोमवारी विमानात ती झोपली आणि मी खिडकीतून ढग पाहिले. तेवढीच निसर्गशोभा.

घरी

जानेवारीत रामदीनची पुढची मागणी आली. दोन हजार पाकिटं, मेचा माल तयार झाला की लगेच, आणि यापुढे आयात नेहमी त्याच्याच नावाने. म्हणजे व्हॅटच्या नंबराचं झंझट कायमचं गेलं. मी पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. मग दर वाचला. त्याने दर पाकिटागणिक लावला होता आणि तो आमच्याच बिलातून घेतला होता: एकशे चारने भागलेला.

बायका माझ्याकडे बघू लागल्या. वयनी आमसुलं निवडत होती, तिने मान वर केली नाही.

"माका कित्याक बघतास?" ती म्हणाली. "माका काय हिशोब येता? हिशोब शुभांगीक येता."

मला आला नव्हता, हे उघड होतं. मी म्हटलं, यापुढे शंभर म्हणजे शंभर, परदेशी मालाला वर काही नाही, जुना दर मागू. यावर सतरा जणींपैकी एकही होय म्हणाली नाही. कुणी भांडलंही नाही. फक्त होय म्हणाली नाही. हा गप्पपणा मी रॉटरडॅमला शिकून आले होते, त्यामुळे समजायला वेळ लागला नाही.

दोन दिवस डोकं घालून मी रामदीनला लिहिलं. आम्ही पाकिटावर विकत नाही, खोक्यावर विकतो. दर खोक्याचा, पहिला होता तोच. खोक्यात एकशे चार पाकिटं, तशी बिलावर नोंद असेल, वजनही तसंच. वीस खोकी घेणार का? त्याचं उत्तर एका ओळीचं आलं: घेतो, भौजीला नमस्कार.

आता गेल्या मेमधली गोष्ट. पॅकिंगच्या दिवशी मी स्वतः शेडमध्ये जाऊन बसले. बिलं आधीच छापलेली, प्रत्येक खोक्यावर चिकटवायच्या चिठ्ठ्या छापलेल्या, एकशे चार, वीस किलो आठशे ग्रॅम. वयनी मोजत होती. शंभरावर आली आणि थांबली. ओठ हलले. मग चार पाकिटं उचलून वर ठेवली.

"वयनी," मी म्हटलं, "ते चारही बिलात आहेत हां. एकशे चार लिहिलंय मी."

"लिही गो. तुझां बिल तुका," ती म्हणाली आणि खोकं माझ्याकडे सरकवलं. "मी शंभरच विकलंय."

मी खोक्याला पट्टी मारली आणि चिठ्ठी चिकटवली. तिने पुढचं ओढून एकपासून मोजायला सुरुवात केली.